चौथ्या ट्रेची बेरीज

तवा लॅबमधे आमी सहा जण व्हतो. मी सुलोचना, वाटूरची. शकीला, जुन्या जालन्याची, तिच्या घरचे सगळे बाप्ये मोंढ्यात हमाली करायचे. मंदा, सगळ्यात लहान, सासर सोडून माहेरी आलेली. गयाबाई, टेंभुर्णीची. वयानं मोठी, म्हणून आमी तिला आक्का म्हणायचो. आमी चौघी मोजणाऱ्या. पाचवे मॅनेजर साहेब. आन् सहावे वझरकर सर, कम्प्युटरवाले. सरांचंच सांगायचं हाय. पण आक्काचं सांगितल्याबिगर सरांचं सांगता येत न्हाई, म्हणून दोघांचं बरोबर सांगते.

कंपनी बियाण्याची. पोतं बाजारात जायच्या आधी बी उगवतं का न्हाई ते पाहायचं, हे आमच्या लॅबचं काम. वाळू धुवून ट्रेमधे भरायची, त्यात मोजून शंभर दाणे लावायचे. एका मालाचे असे चार ट्रे. मंग ते कपाटात, उबेत, सात दिवस. सातव्या दिवशी आमी चौघी एकेक ट्रे पुढ्यात घेऊन बसायचो. चांगला मोड एकीकडं, वाकडा एकीकडं, कुजलेला एकीकडं. चांगल्याचा आकडा कागदावर मांडायचा, तो कागद सरांकडं. मी दुसरीपर्यंत शाळेत गेल्ते. शंभरापर्यंत मोजता यायचं, आन् तिथं शंभराच्या वर लागतच न्हवतं.

माझा मालक, नवरा, गेला तवा मी तिशीत व्हते. कापूस येचला, खडी फोडली, लोकाचे भांडे घासले. लॅबमधलं काम सावलीतलं व्हतं, बसून व्हतं. मला ते लई मोठं वाटायचं. आक्का आन् मी एकाच खोलीत राहायचो भाड्यानं. तिचा लेक टेंभुर्णीत शेती करायचा, पण ही म्हणायची, हातपाय चालतात तवर मी कोणाच्या चुलीपुढं बसणार न्हाई.

वझरकर सर पहिल्या दिवशी आले तवा दारातच चपला काढल्या. आमी चौघी पाहून राह्यलो. लॅबमधे खाली सगळी वाळू सांडलेली.

मी म्हणले, "सर, चपला राहू द्या. वाळू टोचती."

"टोचू द्या बाई. मी आज नवा आहे, तिचाच मान मोठा."

मोठं कपाळ, डोक्यावर केस थोडे, शर्टाच्या खिशात कायम भुईमुगाच्या शेंगा. फोडून खायचे आन् फोलपटं दुसऱ्या खिशात टाकायचे. खाली कवाच टाकलं न्हाई. वाक्य संपलं का "बराबर?" असं इचारायचे. आपण हो म्हणल्याबिगर पुढं जायचे न्हाईत. मंदा मुद्दाम गप बसायची, मंग सर तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगायचे, आन् आमी तोंडाला पदर लावून हसायचो. दुपारी एक वाजला का म्हाताऱ्या आईला फोन. "जेवलीस का? काय जेवलीस? भाजी कोणती?" इतकंच. ती काय बोलायची ते ऐकू यायचं न्हाई, पण सर भाजीचं नाव आमाला सांगायचे. "आज दोडका." जशी काय आमाला बी काळजी.

मशीनवर बसायच्या आधी सर आठ दिवस आमच्या मधे खाली बसले. म्हणले, तुमी मोजता कसं ते मला शिकवा, न्हाई तर मी मशीनला काय सांगणार? आक्कानं त्यांना एक ट्रे दिला. चाळीसपर्यंत गेले आन् चुकले. पुन्हा सुरू. पुन्हा चुकले. आक्काचं मोजणं पाहण्यासारखं व्हतं. खराट्याची एक काडी घ्यायची, दहा मोडांची वळ लावायची, थांबायचं, श्वास घ्यायचा, मंग पुढची वळ. सरांनी घाई केली का ती त्यांच्या बोटावर काडी मारायची.

"श्वास घ्या सर. श्वास न्हाई घेतला का दहाचे बारा व्हतात."

"आक्का, तुमी मोजलेलं कधी चुकतं का?"

"चुकतं ना. भूक लागली का चुकतं. म्हणून मी दोनदा मोजते."

आठव्या दिवशी सरांचा आकडा तिच्या आकड्याला मिळाला. सरांनी सगळ्यांना शेंगा वाटल्या. आक्का म्हणली, "पास झाले आमचे सर," आन् त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मोठ्या माणसाच्या पाठीवर असा हात ठेवावा का न्हाई, तिला इचार बी आला न्हाई, आन् सर बी लहान लेकरागत हसले.

बेरजेची गोष्ट त्याच्यानंतरची. एक दिवस जेवताना शकीला म्हणली, "सर, दिनभर उस डब्बेके सामने बैठके करते क्या तुम?"

"बेरीज," सर म्हणले.

"बेरीज तो मेरी नातीन करती बालवाडीमें!"

सर हसले न्हाईत. भाकर खाली ठेवली, हात पुसले. एका मुठीत सरकी घेतली, दुसऱ्या मुठीत दुसरी सरकी. म्हणले, "ह्या मुठीतली शंभरातली नव्वद उगवते. ह्या मुठीतली सत्तर. दोन्ही मुठी एका पोत्यात टाकल्या. वजन किती झालं? दोन मुठी. बराबर? आता उगवण किती झाली? नव्वद आणि सत्तर, एकशे साठ?"

आक्का म्हणली, "एकेका दाण्याला दोन-दोन मोड आले तर होईन."

"तेच! उगवण वाढत नाही, ती मधे येते. ऐंशी. म्हणजे वजनाची बेरीज एक, आणि उगवणीची बेरीज दुसरी. मी ज्या भाषेत मशीनला सांगतो, त्या भाषेत बेरजेच्या खुणेचा अर्थ आपला आपण बदलता येतो. म्हणून मी सांगून ठेवलंय, दोन माल आले का बेरीज म्हणजे मिसळणं. वजनं मिळव, उगवण मधली काढ. बाकी ठिकाणी बेरीज जुनीच."

मी म्हणले, "खूण तीच, आन् काम दोन? मशीनला कळतं कसं?"

सरांनी मला उलटं इचारलं, "बाई, तुमचं माहेरचं नाव काय?"

मला लाज वाटली. चाळीस वर्षांत कोणी इचारलं न्हवतं. "कडू," मी म्हणले. लग्नात तांदळात नाव काढलं आन् सुलोचना झाले.

"वाटूरला तुम्हाला कोणी सुलोचना म्हणून हाक मारली तर?"

"भाऊ हसतीन. तिथं कडूच."

"आणि सासरी कडू म्हणलं तर?"

"सासू म्हणीन, कोण ही?"

"बस. कोणाच्या घरात हाक मारली त्याच्यावर ठरतं. बराबर?"

मंदा म्हणली, "सर, सुलूबाईला नवं नाव मिळालं, मला तर जुनं बी धड न्हाई ठेवलं." त्याच्यावर कोणी हसलं न्हाई. सरांनी तिच्या पुढ्यात शेंगा सरकवल्या.

पहिल्याच दिवशी ती नवी बेरीज अडकली. मशीनचा पंखा गिरणीसारखा घरघरला आन् पडदा थिजून बसला. सर कपाळाला हात लावून हसून राह्यले. नव्या बेरजेच्या पोटात वजनं मिळवायला जुनी बेरीज लागती, आन् सरांनी तिथं बी नवीच लिहिल्ती. "सुनेला विचारलं मीठ कुठं, ती म्हणे सासूला विचारा. सासूच्या जागी बी सूनच बसलेली. ती म्हणे सासूला विचारा. दिवसभर हेच!" मंग त्यांनी पोटातली बेरीज जुनी केली आन् मशीन चालू झालं. म्हणले, "मशीनला जे सांगितलं तेच ते करतं बाई. जे माझ्या मनात होतं ते करत नाही." हे ते सारखं म्हणायचे. आमाला त्याचा अर्थ पुढच्या हंगामात कळाला.

झालं असं. कंपनीनं आमच्या मालाचे नमुने बाहेरच्या एका लॅबला बी धाडले. त्यांचे आकडे आले तर काही माल त्यांनी चांगला ठरवलेला, आमच्या मशीननं वाईट. कंपनीची रेघ पंच्याहत्तरची व्हती. त्यांचे अठ्ठ्याऐंशी, नव्वद. आमचे सत्तर. मॅनेजर साहेब कागद हालवत आत आले.

"कोण मोजतंय इथं? का झोपा काढून राह्यल्या सगळ्या?"

साहेबांनी सरांना सांगितलं, कोणाच्या मोजणीनं गडबड होती ते काढा. सरांनी दोन दिवस मशीनवर काढले आन् एक कागद आणला. मला आठवतं, तो कागद त्यांनी साहेबांच्या हातात दिला तवा आमच्याकडं पाहिलं न्हाई.

जिथं जिथं आमचा आकडा पडल्ता, तिथं तिथं चौथा ट्रे कमी. पन्नास, पंचावन्न. बाकीचे तीन नव्वदीत. आन् चौथा ट्रे कायम आक्काचा. आमच्या बसायच्या जागा ठरलेल्या व्हत्या, पहिल्या जागेवर मी, मंग शकीला, मंग मंदा, चौथ्या जागेवर आक्का.

आक्का म्हणली, "साहेब, माझा ट्रे कपाटात खालच्या फळीवर असतो. तिथं वल जास्ती हाय. दाणे कुजतात. मी दोनदा सांगितलं. जे कुजलं ते मी कुजलंच लिहिते."

"मंग बाहेरच्या लॅबला कसं बराबर येतं? गयाबाई, वय किती तुमचं? डोळे तपासले का कधी?"

"डोळे चांगले हायेत माझे."

"मशीन खोटं बोलतं का मंग?"

आक्कानं सरांकडं पाहिलं. तिला वाटलं सर काहीतरी बोलतीन. त्यांनी तिच्याजवळ आठ दिवस बसून मोजलं व्हतं, काडीचा मार खाल्ला व्हता. सर हळूच म्हणले, "आक्का, मी तीनदा तपासलं. मशीन तेच सांगतं."

त्या आठवड्यात तिला काढलं. तिनं भांडण केलं न्हाई, रडली न्हाई. खोलीवर येऊन गाठोडं बांधलं. माझ्यासमोर एक दाणा भिंतीतल्या बारक्या भोकातून येणाऱ्या उजेडात धरून पाहिला, जवळ नेला, लांब नेला. म्हणली, "सुलू, मला दिसतंय गं. का दिसतंय असं वाटतंय?" मी म्हणले, दिसतंय आक्का. पण माझ्या बी मनात आलं, मशीन कशाला खोटं बोलीन? हे आज सांगायला लाज वाटती, पण आलं ते आलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती टेंभुर्णीला गेली, लेकाकडं, त्याच चुलीपुढं.

तिच्या जागेवर मला बसवलं. पहिल्या जागेवर एक नवी बाई आली. दोन महिने झाले असतीन, एका मालाचे ट्रे निघाले. तिघींचे नव्वद, नव्वद, नव्वद. माझा पन्नास. निम्मे दाणे काळे पडून कुजलेले, हात लावला का बोटाला चिकटत व्हते. मी दोनदा मोजलं. आक्कासारखं, दहाची वळ लावून, श्वास घेऊन. पन्नासच.

मशीननं सत्तर काढले. साहेब आले.

"तुमचे बी डोळे गेले का आता?"

साहेब गेले. मंग मी सरांना म्हणले, "सर, एक इचारू? मी पहिल्या जागेवर व्हते तवा माझे बी दोन-तीन ट्रे खराब निघाले. उंदरानं खाल्ल्ते एकदा. तवा पन्नासच लिहिले मी. तवा कोणी म्हणलं न्हाई तुमचे डोळे गेले. चौथ्या जागेवर आले आन् लगेच गेले?"

सर शेंग फोडत व्हते. हात तसाच राह्यला.

"पुन्हा बोला बाई."

मी पुन्हा बोलले. सर उठले, मशीनपुढं बसले. मला म्हणले, आकडे सांगा. मी सांगितले. नव्वद, नव्वद, नव्वद, पन्नास. पडद्यावर सत्तर. मंग म्हणले, आता उलटे सांगा. पन्नास, नव्वद, नव्वद, नव्वद. पडद्यावर पंच्याऐंशी.

मला आकड्यांचं काय कळणार, पण सरांचं तोंड उतरलेलं दिसलं. शकीलानं हातातली काडी खाली ठेवली. सरांनी कागद घेतला, पेन्सिलनं चार आकडे एकाखाली एक मांडले, जसे आपण मांडतो तसे, आन् बेरीज केली. तीनशे वीस. चारशे दाण्यांत तीनशे वीस, म्हणजे शंभरात ऐंशी. माल चांगला व्हता. पंच्याहत्तरच्या रेघेच्या वरच.

"बेरीज कुठूनही सुरू केली तरी तीच यायला पाहिजे," सर म्हणले. "तुमची नात बी सांगेल शकीला."

मंग ते खाली, वाळूवरच बसले आन् आमाला सांगितलं. ट्रेच्या आकड्यांना जुनी बेरीज लावायला पाहिजे व्हती, साधी, बालवाडीची. पण मशीनमधे ट्रेच्या पानावर बी सरांची नवी बेरीज लागू झाली, मिसळायची. पोत्याला वजन असतं, ट्रेला वजन न्हवतं. आन् वजन नसलं का निम्मं-निम्मं धर, असं सरांनीच लिहून ठेवलं व्हतं. मंग मशीननं काय केलं, पहिला आन् दुसरा ट्रे निम्मा-निम्मा मिसळला. जे आलं त्यात तिसरा निम्मा-निम्मा. जे आलं त्यात चौथा निम्मा-निम्मा.

मंदानं डोकं चालवलं. "म्हणजे सर, अर्धा गिलास ताक ओतून अर्धा गिलास पाणी घालायचं, मंग पुन्हा अर्धं ओतून द्यायचं. शेवटी जे घातलं तेच अर्धं राहतं."

"बराबर. चौथ्या ट्रेला अर्ध्या पोत्याचं महत्त्व मिळालं, पहिल्याला जवळजवळ काहीच नाही. चारी ट्रे सारखे असले का फरक दिसायचा नाही. म्हणून मला तीनदा तपासून बी दिसला नाही. मी आकडे तपासले. बेरीज तपासली नाही. बेरीज काय तपासायची, असं वाटलं."

ह्या वेळी त्यांनी हो म्हणायची वाट पाहिली न्हाई.

त्या दुपारी आईला फोन केला न्हाई. ते पान दुरुस्त केलं, ट्रेच्या जागी जुन्या बेरजेला तिचं पूर्ण नाव घालून बोलावलं, म्हणजे मशीनचा गोंधळ व्हायला नको. मंग साहेबांकडं गेले. दार उघडंच व्हतं, आमाला सगळं ऐकू आलं.

"दुरुस्त झालं ना? मंग झालं. गाजावाजा नको."

"आणि गयाबाई?"

"त्यांचं वय झालंच व्हतं, सर. आज ना उद्या घरी बसल्याच असत्या."

"त्यांना डोळे गेले म्हणून काढलं साहेब. डोळे चांगले होते."

"तुमाला काय पाहिजे? मी सगळ्या हंगामाचे रिपोर्ट मागं बोलवू? आमच्या मशीनला बेरीज येत न्हाई म्हणून सांगू मालकाला?"

"मशीनला येते. मला आली नाही, असं सांगा."

साहेब म्हणले, घरी जा, डोकं शांत करा. सर घरी गेले न्हाईत. बाहेर येऊन एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आन् लॅबच्या दाराला चिकटवलं. मंदानं आमाला वाचून दाखवलं. 'बेरीज माझी चुकली. गयाबाईंची मोजणी बरोबर होती.' खाली सही, पूर्ण नाव. तो कागद अर्धा दिवस बी टिकला न्हाई, साहेबांनी फाडला. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. सर म्हणले, "बरं." चपला हातात घेऊन माझ्याकडं आले. "बाई, आक्कांचं घर तुम्हाला माहीत आहे. मला घेऊन चला."

आमी एसटीनं गेलो. वाटेत जाफराबादच्या अलीकडं कुठंतरी सर म्हणले, "ती माझ्याकडं पाहत होती, बाई. साहेबांसमोर. मी मशीनकडं पाहिलं." मी खिडकीतून बाहेर पाहून राह्यले.

आक्का ओट्यावर बसून गहू निवडत व्हती. दोन महिन्यांत अर्धी झालेली. सरांना पाहून उठली न्हाई. म्हणली, "या. बसा." चहाचं बी लगेच बोलली न्हाई. लेक भगवान म्हशीला पेंड घालून आला, तो बी बसला.

सरांनी सगळं सांगितलं. ट्रे, निम्मं-निम्मं, नव्वद, पन्नास, सगळं. आक्काच्या हातातलं सूप थांबलेलं. मंग सर म्हणले, "तुमचे डोळे बरोबर होते. चूक माझी. मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं, मी मशीनला विचारलं."

भगवान म्हणला, "मंग आईला कामावर घेतीन का परत?"

"नाही घेणार. मी सांगून बघितलं. मलाच काढलं."

आक्कानं सूप पुढं केलं. "पाहा सर, किती खडे राह्यले ते."

सरांनी वाकून पाहिलं. "एक बी नाही."

"मला बी एक बी दिसत न्हाई. पण मी निवडलं का सून मागून पुन्हा निवडती. बोलत काही न्हाई बिचारी. गुपचूप आतल्या खोलीत घेऊन जाती सूप. मी ऐकते ना, सुपाचा आवाज. पहिल्यांदा मला राग यायचा. आता मला बी वाटतं, निवडू दे, माझा काय भरोसा. सर, तुमी दोन महिने आधी आला असता तर..." ती तिथंच थांबली. भगवानकडं पाहून म्हणली, "चहा टाक रे. तिला यायला उशीर होईन, वावरात गेलीय."

चहा झाला. सर तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं हात धरला, पडू दिलं न्हाई. माफ केलं असं बी म्हणली न्हाई. "जल्दी निघा, गाडी चुकंल," इतकंच म्हणली.

आमी स्टँडवर आलो. गाडी लागलेली व्हती, जागा मिळाली, सर खिडकीशी बसले. कंडक्टरनं बेल मारली तसे एकदम उभे राह्यले.

"सून घरात नव्हती ना, बाई?"

"न्हाई, वावरात गेल्ती."

"मी आक्कांच्या मुलाला सांगितलं. मागून गहू तर सून निवडते."

"भगवान सांगीन ना तिला."

"तो काय सांगणार? निम्मं-निम्मं त्याला कळालंच नाही. तुम्ही जा."

गाडी हळूहळू चालू झालेली, तशीच उतरले. कंडक्टर शिव्या घालून राह्यला. मी मागच्या काचेतून पाहिलं. दुपारचं ऊन, डोक्याला काही न्हाई, सर आक्काच्या घराच्या वाटेनं भराभर चालत गेले. वळणावर एकदा थांबले, चपलेत खडा गेला असंल, एका पायावर उभं राहून झटकला, आन् वळले. त्याच्यानंतर मला सर दिसले न्हाईत. जुन्या जालन्यातलं घर सोडून आईला घेऊन कुठं गेले ते कोणाला नीट म्हाईत न्हाई. शकीलानं लई जणांना इचारलं.

आक्काचा पुढं फोन आल्ता. सर संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राह्यले म्हणली. सून आली, तर तिला पाणी पिऊ दिलं, मंग सगळं पहिल्यापासून सांगितलं, गव्हाचे दाणे मांडून. सून "बरं" म्हणली. मी इचारलं, आता मागून निवडती का? आक्का म्हणली, "निवडत न्हाई. पण सूप घेताना एक नजर टाकती. टाकू दे."

मी पुढं दोन वर्षं त्या लॅबमधे व्हते. मी निघायच्या आधी मशीनवर नवा माणूस आल्ता, त्यानं एक दिवस आमाला इचारलं, ही गयाबाई कोण? मशीनमधे मोजणाऱ्यांची यादी हाय, तिच्यात तिच्या नावापुढं अजून 'मोजणी सदोष' असं लिहिलेलं हाय म्हणला. सरांनी बेरीज दुरुस्त केली, तो शब्द राह्यला. त्यांना तेवढा वेळच दिला न्हाई कोणी. मी त्या नव्या माणसाला सांगितलं, काढून टाका. तो म्हणला, साहेबांना इचारावं लागंल. मंग मी घरी बसले.

आक्का अजून हाय, टेंभुर्णीला. तिला ह्या शब्दाचं म्हाईत न्हाई, मी सांगितलं न्हाई. आता त्या मशीनवर कोण बसतं मला ठाऊक न्हाई. हे तुमी वाचून राह्यले असाल आन् तिथं बसणारे तुमीच असाल, का बसणारा तुमच्या वळखीचा असंल, तर तेवढा शब्द खोडा. कोणाला इचारू नका. लॅबमधे तिच्या संगं मोजायला बसलेल्या आमी तिघी अजून हावोत, कोणी इचारलंच तर आमची नावं सांगा.